झूल आणि डेनियरची भूल

“झूल घ्यायचीच तर १६८० डेनियरची घ्या, पैसे एकदाच जातील.” घोडे बाळगणाऱ्यांत हा सल्ला आता इतका रुळलाय की त्याला पुरावा मागणारा माणूस चिक्कू ठरतो. इंग्लंड-आयर्लंडच्या ओल्या कुरणांत हिवाळाभर घोडे मोकळे सोडणाऱ्यांनी तो आधी घोकला, आता आपल्याकडच्या हौशी पागांतही तो ऐकू येतो. ६०० म्हणजे कामचलाऊ, १२०० म्हणजे बरी, १६८० म्हणजे विषयच संपला. दुकानदाराला ही शिडी सोयीची आहे, कारण प्रत्येक पायरीला किंमत वाढते. गिऱ्हाइकालाही सोयीची आहे, कारण कापडातलं काही न कळता तुलना केल्याचं समाधान मिळतं. गैरसोय होते ती घोड्याची, आणि त्याला या व्यवहारात कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं, की डेनियर हे झुलीच्या टिकाऊपणाचं माप नाही. आणि टिकाऊपणा हा झुलीचा पहिला गुणही नाही.

भिवंडी-इचलकरंजीच्या माणसाला डेनियर समजावून सांगण्याची गरज नाही. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, एवढाच त्याचा अर्थ. ६०० डेनियर म्हणजे तेवढ्या लांबीचा धागा ६०० ग्रॅम भरतो. धागा कशाचा, किती ताणला तर तुटतो, कापडात इंचाला किती बसवलेत, वीण कोणती, मागे लेप कसला, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. सुती धाग्याच्या काउंटमध्ये तर आकडा वाढला की सूत बारीक होतं; पण तिथे कुणी नुसत्या काउंटवरून कापडाचं आयुष्य सांगू लागला, तर मागावरचा पोरगाही हसेल. झुलीच्या बाबतीत मात्र आपण माना डोलावतो.

साधा हिशेब मांडू. पॉलिएस्टरचा नेहमीचा धागा डेनियरमागे चार ग्रॅमच्या आसपास ताण सोसतो. औद्योगिक वापरासाठी बनवलेला उच्च ताकदीचा पॉलिएस्टर आठ ग्रॅमपर्यंत सहज जातो. आता गुणाकार करा. १२०० डेनियरचा साधा धागा ४,८०० ग्रॅमला तुटेल आणि ६०० डेनियरचा उच्च ताकदीचा धागाही ४,८०० ग्रॅमलाच. चिठ्ठीवर एकाच्या दुप्पट आकडा, वजन दुप्पट, ताकद तीच. यात नायलॉन आणलं की गोंधळ आणखी वाढतो. नायलॉनची घनता १.१४, पॉलिएस्टरची १.३८, त्यामुळे एकाच डेनियरचा नायलॉनचा धागा मुळातच जाड दिसतो. घासण्याला नायलॉन सरस, पण ते पाणी जास्त पितं आणि भिजलं की सैल पडतं. उन्हात पॉलिएस्टर जास्त तग धरतं. म्हणजे ‘१६८० चांगली की १२००’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशाची १६८०? कुठल्या विणीची? बाजारात १६८० नायलॉनही आहे आणि १६८० पॉलिएस्टरही, आणि दोन्ही झुली एकाच खुंटीला टांगलेल्या असतात.

विणीचा मुद्दा तर याहून मोठा आहे, कारण झुलीचं कापड झिजून क्वचित जातं, गेलंच तर फाटून. खिळा, काटेरी तार, बाभळीची फांदी, शेजारच्या घोड्याचे दात. फाटणं आणि ताणून तुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कापडाच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चाचण्याही वेगळ्या असतात, आणि घासण्याची चाचणी तिसरीच. फाटताना सगळे धागे एकदम ताण घेत नाहीत. फाट जिथवर पोचली आहे तिथल्या एक-दोन धाग्यांवर सगळा भार येतो. ते धागे थोडे सरकू शकले तर शेजारच्यांना जाऊन भिडतात, चार-पाच जण मिळून भार उचलतात आणि फाट अडते. सरकायला जागा नसेल तर एकेक करून तुटत जातात. म्हणून दोन-दोन धागे जोडीने घेतलेली मॅट वीण साध्या विणीपेक्षा फाटायला चिवट असते, आणि म्हणूनच कापडाच्या मागे जाडजूड लेप थापला की धागे जागच्या जागी चिकटून बसतात आणि तेच कापड सहज फाटू लागतं. रिपस्टॉप कापडात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट घालतात, ती फाट चौकटीशी थांबावी म्हणून. हे सगळं ६०० डेनियरमध्ये नीट करता येतं आणि १६८० मध्ये बिघडवता येतं.

‘बॅलिस्टिक’ या विशेषणाचीही हजेरी घेऊ. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या सैनिकांच्या कवचांसाठी ड्यूपॉन्टने जे जाड नायलॉन बनवलं, त्याचं हे नाव. तोफगोळ्यांच्या उडत्या कपच्या अडवणं हे त्याचं काम होतं. ते मुळात १०५० डेनियरचं, जोडविणीचं नायलॉन होतं. पुढे कवचांसाठी त्याहून चांगले धागे आले आणि हे कापड प्रवासी बॅगांकडे वळलं. आज ते विशेषण पॉलिएस्टरच्या झुलीवरही छापलेलं सापडतं. घोड्यावर कुणी तोफ डागत नाही, ही बाब वेगळीच.

कापडावरच्या खुणेवरून भलतंच अनुमान काढण्याची ही खोड जुनी आहे. हडसन बे कंपनीच्या घोंगड्यांच्या काठाला १७८० च्या सुमारापासून छोट्या काळ्या रेघा विणलेल्या असत. त्या फक्त घोंगडीचा आकार सांगत. लोकांनी मात्र ठरवून टाकलं की जितक्या रेघा तितकी बीव्हरची कातडी, म्हणजे ती किंमत आहे. ही समजूत अजून सांगितली जाते.

आता झूल खरोखर मरते कशी ते पाहू. बाहेरचं कापड शाबूत, एकही भोक नाही, आणि घोडा आतून ओलाचिंब: झुलीचा शेवट बहुतेकदा असाच होतो. पाणी अडवण्याचं काम बाहेरचा धागा करत नाही, आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा पातळ लेप करतो. बाहेरून पाणी मोत्यासारखं ओघळावं म्हणून आणखी एक रासायनिक हात दिलेला असतो. हे दोन्ही नाजूक. कपड्यांच्या साबणाच्या भुकटीने झूल धुतली की साबणाचा अंश कापडात राहतो आणि पाणी ओघळायचं बंद होऊन मुरायला लागतं. गरम पाण्याने लेपाला इजा होते. मूत आणि लीद लागून झूल तशीच गुंडाळून ठेवली तर पुढचं काम जिवाणू करतात. आणि काहीही केलं नाही तरी उष्ण, दमट हवेत पॉलियुरेथेन आपोआप विरतं. माळ्यावर ठेवलेल्या जुन्या दप्तराच्या आतला थर चिकट होऊन पापुद्र्यांनी निघतो, तो प्रकार हाच. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे बंद पेटीत काढलेल्या झुलीचा डेनियर तेवढाच भरेल, लेप मात्र बोटाला येईल. या सगळ्यात धागा किती जाड होता याला काडीचाही अर्थ नाही. उलट जाड झूल भिजल्यावर जड होते, वाळायला जास्त वेळ घेते, आणि मोतद्दार ती अर्धी ओलीच पुन्हा घोड्यावर टाकतो. त्याला दोष देऊ नका, त्याला सकाळच्या आत वीस घोडी उरकायची असतात.

दुसरा मृत्यू शिलाईत होतो. छातीवरच्या बकलाची पट्टी कापडाला जिथे शिवलेली असते ती जागा, पोटाखालून जाणारे तिरपे पट्टे जिथे बसवतात ती जागा, मागच्या पायांच्या पट्ट्यांच्या कड्या. जुन्या झुली पाहिल्या तर हीच ठिकाणं पहिल्यांदा उसवलेली आढळतील. पाठीच्या मधोमध शिवण असेल तर पाणी तिथूनच आत येतं, मग भोवतालचं कापड कितीही डेनियरचं असो. म्हणून पाठीवर शिवण नसलेली झूल चांगली समजतात. आणि या जागा का उसवतात? पुष्कळदा झूल घोड्याला बसत नाही म्हणून. इंग्रजी मापात छातीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत फूट-इंचांत मोजतात, दर तीन इंचांना नवीन माप. युरोपातल्या बऱ्याच झुली पाठीची लांबी सेंटिमीटरमध्ये देतात. दोन्हीत लांबी कळते, रुंदी नाही, खांद्याचा कोन नाही, मानेचा उठाव नाही. रुंद छातीच्या विलायती घोड्यासाठी कापलेली झूल सडपातळ, उठावदार खांद्याच्या मारवाडी घोड्यावर टाकली तर ती मागे घसरत जाते. मग गळ्याची कड मानेच्या बुडाशी आणि खांद्याच्या उंचवट्यावर घासते, छातीची पट्टी ताणते, केस जातात, कातडी सोलवटते. अशा वेळी कापड फाटलं तर घोड्याचं नशीब म्हणायचं. न फाटणारं कापड रात्रभर तिथेच घासत राहतं.

इथे मला समोरच्या बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं मांडलंच पाहिजे, कारण ते खोटं नाही. कळपात मोकळा सोडलेला खोडकर वछेरा एका रात्रीत शेजाऱ्याच्या झुलीच्या चिंध्या करतो. अशा ठिकाणी पातळ, साध्या विणीची ६०० डेनियरची झूल एक हिवाळा काढत नाही, आणि दरवर्षी नवी घेण्यापेक्षा एकदाच जाड घेतलेली परवडते. बरोबर. एकाच कारखान्याचा, एकाच जातीचा धागा, एकच वीण, एकच लेप, एकच शिलाई असेल तर १२०० ची झूल ६०० पेक्षा जास्त टिकेल, हे मी कुठल्याही पंचांपुढे मान्य करीन. पण त्या वाक्यातला ‘एकच’ किती वेळा आला ते पाहा. दुकानात हे सगळे ‘एकच’ कधीच भेटत नाहीत. दोन कंपन्यांच्या दोन झुलींमध्ये डेनियर सोडून बाकी सगळं वेगळं असतं, आणि आपण तुलना करतो फक्त डेनियरची. आयर्लंडमधल्या डंडॉकच्या हॉर्सवेअर कंपनीच्या ‘रॅम्बो’ झुलीचं उदाहरण घ्या. टिकाऊपणाबद्दल हिच्याइतकं नाव क्वचितच दुसऱ्या झुलीचं झालं असेल. वर्षानुवर्षं धुऊन, ठिगळ लावून वापरणारे लोक आहेत. तिचं कापड १००० डेनियरचं आहे. शिडीच्या हिशेबाने ती ‘बरी’ झुलीच्याही खालच्या पायरीवर बसायला हवी. ती तिथे बसत नाही, याचा अर्थ शिडीच खोटी.

‘न फाटणारी’ या आदर्शातच एक धोका दडलेला आहे आणि त्याबद्दल विक्रेते अवाक्षर काढत नाहीत. घोडा हा बिथरणारा, पळून जीव वाचवणारा प्राणी. झूल कुंपणात अडकली की तो उभा राहून विचार करत नाही, सगळं वजन टाकून ओढतो. त्या क्षणी कुठेतरी काहीतरी तुटायला हवं: शिवण, पट्टा, कापड. पायाच्या पट्ट्यांत लवचीक तुकडा घालतात तो उगाच नाही. दोराला बांधताना मध्ये सुतळीचा फास ठेवायची रीत आहे, त्यामागचं शहाणपण हेच. झूल शाबूत आणि घोडा लंगडा, असा टिकाऊपणा कुणाला हवाय?

आणखी एक घोळ मोडायला हवा. जाड डेनियर म्हणजे ऊबदार झूल, असं कित्येकांच्या डोक्यात असतं. ऊब बाहेरच्या कापडात नसते, आतल्या भरणात असते, आणि ते चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये मोजतात. शंभरपर्यंत हलकी, दोनशेच्या आसपास मध्यम, तीनशे-चारशे म्हणजे भारी. शून्य भरणाची १६८० ही महागडी ताडपत्री आहे. पाऊस अडवेल, थंडी नाही.

पण थंडी तरी किती घोड्यांना वाजते? वाढ झालेल्या, निरोगी घोड्याला साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात शरीर तापवायला किंवा निववायला खास शक्ती खर्चावी लागत नाही. हिवाळी केस दाट आलेला, कोरडा, वाऱ्याच्या आडोशाला असलेला घोडा त्याच्याही पुष्कळ खाली, शून्याखालीसुद्धा, मजेत राहतो. त्याचे केस ताठ उभे राहतात आणि मध्ये हवा अडकते. पोटात कडबा-गवत आंबताना उष्णता तयार होते, म्हणून थंडीच्या रात्री झुलीआधी वैरण वाढवायची असते. वरून वजनदार झूल टाकली की ते ताठ केस दबून जातात. म्हणजे त्याची स्वतःची झूल काढून घेऊन आपण आपली दिली. इंग्लंडमध्ये कामाच्या घोड्यांचे हिवाळी केस मशिनने उतरवतात, कारण घाम लवकर वाळत नाही. त्या उतरवलेल्या घोड्यांना झूल लागतेच. तीच गोष्ट म्हाताऱ्या, आजारी, रोडावलेल्या घोड्यांची. बाकीच्यांच्या बाबतीत ‘कुठली झूल?’ याच्या आधी ‘झूल कशाला?’ हा प्रश्न येतो, आणि तो दुकानात विचारला जात नाही.

नॉर्वेमधल्या संशोधकांनी तो थेट घोड्यांना विचारला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २३ घोड्यांना तीन फलकांचा अर्थ शिकवला होता: एक खूण ‘झूल घाल’, दुसरी ‘झूल काढ’, तिसरा कोरा फलक म्हणजे ‘आहे तसं राहू दे’. घोडा नाकाने हव्या त्या फलकाला स्पर्श करायचा. सगळे घोडे शिकले, आणि त्यांनी हवामान पाहून उत्तरं दिली. ओलं, वारं, गारठा असेल तर झूल मागितली, हवा चांगली असेल तर काढायला सांगितली. ‘माझ्या घोड्याला झुलीशिवाय चैन पडत नाही’ असं ऊन पडलेलं असताना सांगणाऱ्या मालकांनी हे जरूर वाचावं.

आपल्याकडे तर हिशेब आणखी उलटा आहे. सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला, तापीच्या काठी, डिसेंबरच्या थंडीत भरतो. पहाटे आपण शेकोटीपाशी कुडकुडतो म्हणून घोडाही कुडकुडत असेल असं वाटतं. त्याच्या अंगावरचे केस आणि पोटातली वैरण आपण विसरतो. डेक्कनच्या घोड्याचा खरा शत्रू गारठा नाही, ओल आहे. माथेरान-महाबळेश्वरला पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही, आणि हवा मात्र तशी गारठ्याची नसते. सतत भिजलेल्या कातडीत डर्मॅटोफिलस नावाचा जिवाणू शिरतो, खपल्या धरतात, केसांचे झुबके निघतात. तिथे झूल टाकायची तर ती बिनभरणाची, हलकी आणि आतली वाफ बाहेर सोडणारी हवी. तिच्या जागी वाफ न सोडणारी जाड १६८० टाकली तर पावसाने भिजायचा घोडा घामाने भिजतो, आणि त्या जिवाणूला ओल कुठून आली याच्याशी कर्तव्य नसतं. पाणी किती अडतं हे मिलिमीटरमध्ये मोजतात, वाफ किती सुटते हे चोवीस तासांत चौरस मीटरमागे किती ग्रॅम यात. हे दोन आकडे ज्या चिठ्ठीवर आहेत ती चिठ्ठी वाचण्यासारखी. बहुतेक चिठ्ठ्यांवर ते नसतात आणि डेनियर मात्र बोटभर अक्षरात असतं.

हे ऐकून दुसऱ्या टोकाची मंडळी लगेच पुढे सरसावतात: मग आपली घोंगडीच बरी! त्यांनाही माझा पाठिंबा नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याच्या खळीने कडक केलेल्या ताण्यावर सनगरांनी विणलेली घोंगडी ही फार गुणी वस्तू आहे. लोकर पुष्कळ ओल शोषूनही अंगाला गार लागत नाही आणि आतली वाफ अडवत नाही. कामावरून घामाघूम होऊन आलेल्या घोड्याच्या पाठीवर, तबेल्यात, तासभर टाकायला तिच्यासारखं काही नाही. विलायतेतही विटनीच्या लोकरी घोंगड्या आणि तागाच्या झुली हेच काम कित्येक पिढ्या करत होत्या. पण घोंगडी घालून घोडा पावसात मोकळा सोडाल तर थोड्या वेळात ती पाणी पिऊन दगड होईल, एका बाजूला लोंबेल, पायात येईल, आणि वाळायला दोन दिवस घेईल. कसरीचं तर विचारूच नका. परंपरा म्हणून तिला पुढे करणारे आणि आकडा म्हणून १६८० पुढे करणारे, दोघांनीही घोड्याकडे पाहिलेलं नसतं.

“मग घ्यायची कुठली ते सांगा,” असं चिडून विचारलं जातं, आणि ते रास्त आहे. घोडा तबेल्यात राहणार की बाहेर, एकटा की कळपात, केस उतरवलेला की नाही, हे आधी ठरवा. मग झूल उलटी करून आतली बाजू बघा: लेप सलग आहे का, पाठीवर शिवण आहे का. बकलाच्या पट्टीखाली दुहेरी कापड घालून चौकोनी टाका मारलाय की नुसतीच सरळ शिलाई आहे, ते नखाने ओढून बघा. घोड्यावर घालून त्याला मान खाली घालून चरायला लावा. छातीवर ताणली तर परत करा, माप कितीही ‘बरोबर’ असो. घेतल्यावर रोज एकदा काढायची, खरारा करायचा, आत हात घालून ओल बघायची. आणि एक गोष्ट दुकानातच विचारून घ्या: पट्टा तुटला तर सुटा मिळतो का? मिळत असेल, आणि कापड सुईला दाद देणारं असेल, तर गावातला ताडपत्री शिवणारा उसवलेली झूल संध्याकाळपर्यंत नीट करून देतो. वर पाणी न मुरण्याचा नवा हात द्यायचा, शिवणीला मेण लावायचं, आणि ६०० डेनियरची ती झूल पुढच्या पावसाळ्याला पुन्हा उभी राहते. सबंध अंगाला एकजीव चिकटवलेल्या, सुटा भाग न मिळणाऱ्या १६८० चं बकल गेलं की ती त्याच दिवशी भंगारात जाते.